रिकामं टेबल खरंच रिकामं असतं का?

जागा जास्त आहे की कमी, हे ठरवताना बहुतेक ऑफिसांत सरासरी काढतात, आणि तिथेच गणित चुकतं. समजा १०० टेबलं आहेत आणि सरासरी ४५ भरलेली दिसतात. म्हणून ४० काढून टाकली, तर ज्या बुधवारी ८० माणसं येतात त्या दिवशी २० जणांना बसायला जागा नाही. जागेचा निर्णय गर्दीच्या तासांवरून घ्यावा. त्यासाठी सहा ते आठ आठवडे, दर पाच किंवा पंधरा मिनिटांची नोंद हवी. सुट्ट्यांचे आठवडे त्यातून वगळा.

ही नोंद सेन्सरने करतात. टेबलाखाली लावायचा पीआयआर (इन्फ्रारेड) सेन्सर स्वस्त असतो आणि बॅटरीवर चालतो. पण त्याला माणूस कळत नाही, अंगाच्या उष्णतेची हालचाल तेवढी कळते. शांत बसून वाचणारा माणूस त्याच्या लेखी उठून गेलेला असतो. म्हणून शेवटच्या हालचालीनंतर किती वेळ टेबल 'भरलेलं' धरायचं, ती मुदत नीट ठरवावी लागते. पाच मिनिटं ठेवली तर बसलेली माणसं गायब होतात. तीस ठेवली तर क्षणभर टेकलेला माणूसही अर्धा तास बसल्यासारखा दिसतो. टेबलांसाठी पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि एक दिवस प्रत्यक्ष फिरून, हाताने मोजून आकडे ताडून पाहावेत. ही पडताळणी टाळू नका. पुढचा सगळा हिशोब तिच्यावर उभा असतो. सेन्सर टेबलाच्या कडेपासून आत लावावा, नाहीतर शेजारून जाणाऱ्यांचे पाय मोजले जातात.

त्यातही एक गोष्ट सेन्सर सांगतच नाही. खुर्चीवर बॅग ठेवून माणूस दोन तास मीटिंगला गेला, तर टेबल रिकामं दिसतं, पण दुसऱ्याला देता येत नाही. भरलेलं आणि अडवलेलं हे दोन आकडे वेगळे ठेवावेत.

मीटिंग रूममध्ये नुसतं 'कोणी आहे' एवढं कळून भागत नाही, किती जण आहेत ते हवं. बारा खुर्च्यांच्या खोलीत दोघेच बसतात हे दिसलं, की तिचे दोन भाग करायचा निर्णय घेता येतो. छतावरचा मिलिमीटर वेव्ह रडार (रेडिओ लहरी सोडून हालचाल टिपणारा सेन्सर) श्वासाची हालचालही पकडतो, पण त्याच्या लहरी काचेतून आणि जिप्समच्या भिंतीतून पलीकडे जातात. अंतराची मर्यादा खोलीपुरती कमी केली नाही, तर बाहेरच्या पॅसेजमधले लोकही आत धरले जातात. कार्बन डायऑक्साइडवरून डोकी मोजू नयेत, कारण माणसं आल्यावर आकडा चढायला बराच वेळ लागतो. वाय-फायवरून मोजणंही नको. एकेकाकडे दोन-तीन उपकरणं असतात, शिवाय आयओएस १४पासून (२०२०) आयफोन वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) न देता बदललेला देतात.

बुक करून कोणी न आलेली खोली दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप मोकळी करावी, पण चेक-इन नाही आणि हालचालही नाही, अशा दोन्ही अटी जुळल्या तरच. दर आठवड्याची मीटिंग सलग तीनदा अशी सुटली, तर ती पूर्ण मालिका रद्द करायची का, असं बुक करणाऱ्याला विचारावं. खोल्यांचा खोटा तुटवडा बहुतेकदा अशाच विसरलेल्या बुकिंगमधून येतो.

ठरलेल्या टेबलाची नोंद म्हणजे एका माणसाची हजेरीच. ती व्यवस्थापकाला दाखवू नये. विभागाचे एकत्रित आकडे पुरतात. लोकांचा विश्वास एकदा गेला, की सेन्सरवर चिकटपट्टी लागते.

दोन मजल्यांची माणसं एकावर आणण्याआधी हवेचा हिशोब करा. ॲशरे या अमेरिकी संस्थेच्या हवा खेळती ठेवण्याच्या ६२.१ या मानकाप्रमाणे ऑफिसला माणशी सेकंदाला २.५ लिटर आणि दर चौरस मीटरला ०.३ लिटर बाहेरची हवा लागते. ५०० चौरस मीटरवर ५० माणसांना २७५ लिटर, ९० माणसांना ३७५ लिटर. यंत्रणेचे डॅम्पर (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपा) जुन्या मर्यादेवरच अडकलेले असतील, तर कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर कितीही ओरडला तरी जास्त हवा येणार नाही. ती मर्यादा माणसं हलवण्याआधीच बदलून घ्यावी.