दोन फ्लॉप्या आण : आमच्या दुकानाची वाटचाल

१९९८ च्या जूनमध्ये सांगलीत विश्रामबागेत दहा बाय बाराचा गाळा घेतला. आत एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. वालचंद कॉलेजमुळे या भागात घरोघरी कॉट बेसिसवर मुलं राहायची आणि परीक्षा जवळ आली की सगळ्यांना एकाच आठवड्यात प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करून हवा असायचा. माझी बायको टायपिंगला बसायची, मी झेरॉक्सवर. रिपोर्ट झाला की फाइल फ्लॉपीवर, म्हणजे तेव्हाच्या चपट्या चौकोनी डिस्कवर, घालून द्यायची, फ्लॉपीचे पैसे वेगळे.

फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे. मोबाइलवर काढलेला आजचा एक फोटोही त्यात बसणार नाही, पण साठ पानांचा नुसता मजकूर आरामात जायचा. स्कॅन केलेल्या आकृत्या घातल्या की फाइल फुगायची, मग विनझिप या सॉफ्टवेअरने तुकडे करून चार-पाच फ्लॉप्यांवर घालावी लागायची. जोडताना पहिल्या तीन सुरळीत जायच्या. चौथीला ड्राइव्ह करकरायला लागला की मुलगा माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मी पडद्याकडे. पावसाळ्यात तर बुरशी. पत्र्याची झाकणी बोटाने सरकवली की आतल्या काळ्या चकतीवर पांढरे ठिपके दिसायचे. मुलं फुंकर मारून तीच परत घालायची, त्याने ड्राइव्हचं हेड खराब व्हायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चांगली फ्लॉपीही वाचली जायची नाही. शेवटी काउंटरवर पुठ्ठ्याची पाटी लावली : ‘दोन फ्लॉप्या आणाव्यात.’ मी फ्लॉप्या खपवायला पाटी लावली असं मुलांना वाटायचं. थोडं तेही होतंच म्हणा.

सीडीचा काळ आमच्यासाठी लोडशेडिंगचा काळ. ७०० एमबीची कोरी सीडी, नीरो या सॉफ्टवेअरवर राइट करायला लावली, ऐंशी टक्क्यांवर आली आणि लाइट गेली की ती सीडी कचऱ्यात. पहिला चांगला यूपीएस घेतला तो प्रिंटरसाठी नाही, सीडी रायटरसाठी. गंमत म्हणजे पुढे पेन ड्राइव्ह आले, लॅपटॉपमधून सीडीची खाच गेली, तरी रिपोर्टच्या शेवटच्या पानाला पाकीट चिकटवून त्यात सीडी द्यायची पद्धत काही ठिकाणी राहिलीच. त्यामुळे आमचा रायटर अजून चालू आहे. ती सीडी कोण उघडून बघतं, देव जाणे.

पहिला पेन ड्राइव्ह मी २००४ मध्ये मुंबईहून आणला. रात्रीच्या गाडीने जायचं, सकाळी लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठायचा, दुपारपर्यंत खरेदी आणि रात्री परत. १२८ एमबी, म्हणजे जवळजवळ ९० फ्लॉप्या, दोरीला अडकवून गळ्यात घालायचा. विंडोज एक्सपीवर लावला की लगेच दिसायचा. ज्यांच्याकडे विंडोज ९८ होतं त्यांना आधी ड्रायव्हरची सीडी घालावी लागायची. चार-पाच वर्षांत भाव असा उतरला की एका खोलीत एक पेन ड्राइव्ह असायचा तिथे प्रत्येकाच्या खिशात एक आला.

त्याबरोबर व्हायरस आला, आणि इथे कबूल करायला हवं की परिसरात तो वाटण्याचं काम काही महिने आम्हीच केलं. दिवसाला पन्नास-साठ मुलं प्रिंटसाठी यायची, प्रत्येकाचा पेन ड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला. फोल्डरसारखं चित्र असलेली एक्सई फाइल, म्हणजे खरं तर उघडताच चालू होणारा प्रोग्राम, घेऊन तो घरी जायचा. एका होस्टेलची मुलं एकत्र येऊन दारात उभी राहिली तेव्हा कळलं. पुढे शॉर्टकट व्हायरस आला. सगळ्या फाइल गायब आणि जागी नुसते शॉर्टकट. फाइल असायच्या तिथेच, फक्त लपवलेल्या. अट्रिब कमांड मारली की परत दिसायच्या. त्यासाठी आम्ही पैसे घेतले नाहीत, आधीचं पाप होतं. पुण्याच्या क्विक हीलचा अँटिव्हायरस दोन्ही मशीनवर घातला आणि प्रिंटसाठीच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबुंटू चढवलं. विंडोजचा व्हायरस तिथे पांगळा. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हचं ऑटोरन, म्हणजे लावताच आतला प्रोग्राम आपोआप चालू होणं, बंद केलं, मग हे प्रकरण बरंच थंडावलं.

आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट महिना त्यानंतरचा. एका व्यापाऱ्याकडून ३२ जीबीचे चाळीस पेन ड्राइव्ह स्वस्तात मिळाले. पॅकिंग झकास, लावला की ३२ जीबी दाखवायचा. पंधरवड्यात एक मुलगी आली. तिच्या प्रोजेक्टचे व्हिडिओ होते. फाइलची नावं दिसत होती, आकारही बरोबर, पण एकही उघडेना. मी तिलाच विचारलं, ‘सेफली रिमूव्ह केलं होतंस का?’ ती म्हणाली, ‘काका, रोज करते.’ दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले.

पेन ड्राइव्हमध्ये एक मेमरीची चिप असते आणि तिचा कारभार बघणारी दुसरी, कंट्रोलर. जागा किती आहे हे कॉम्प्युटर कंट्रोलरला विचारतो. या मालात त्या कंट्रोलरलाच खोटं बोलायला शिकवलं होतं. आत ४ जीबी, सांगायचा ३२. चार भरेपर्यंत कुणाला संशय येत नाही. पुढचं सगळं जुन्यावरच लिहिलं जातं किंवा कुठेच जात नाही. बहुतेकांनी जुनी प्रत पुसून सगळं या नव्यावर हलवलं होतं, म्हणून गेलं ते कायमचं गेलं. चाळीसपैकी सव्वीस विकले गेले होते. वहीत नावं लिहायची सवय होती म्हणून तेवीस जणांना शोधून पैसे परत दिले. तिघं पास होऊन गावाला गेले होते. व्यापाऱ्याने हात वर केले. त्या मुलीचे व्हिडिओ काही मी परत आणू शकलो नाही, तिने शेवटच्या आठवड्यात पुन्हा शूटिंग केलं.

तेव्हापासून प्रत्येक लॉटमधला नग ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ने तपासतो. हे फुकट सॉफ्टवेअर आहे. पेन ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. जुन्या पोर्टवर ३२ जीबीला दीडेक तास लागतो. रात्री लावून जातो. खऱ्या मालावरही भांडण व्हायचं ते वेगळंच : ‘काका, १६ चा दिलात, १४.९ दाखवतोय.’ कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की बायको आता टायपिंग करता करता सांगते.

हार्ड डिस्क विकायला लागलो तेव्हा थायलंडच्या पुराशी आपला काय संबंध, असं कुणी म्हटलं असतं तर मीही हसलो असतो. २०११ च्या शेवटी तिकडचे कारखाने पाण्यात गेले आणि इथे हार्ड डिस्कचे भाव कडाडले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आमच्याच गावात आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. विश्रामबाग वाचलं, पण पाणी ओसरल्यावर गावभागातून लोक चिखलाने माखलेल्या डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आले. काहींनी उन्हात वाळवून कॉम्प्युटरला लावूनही बघितल्या होत्या, म्हणजे उरलीसुरली आशाही घालवलेली. आम्ही कुठलीच चालू केली नाही, पुण्याच्या लॅबला पाठवल्या. निम्म्या तशाच परत आल्या.

आता पेन ड्राइव्ह महिन्याला पाच-सहा जातात, तेही टाइप-सीवाले. जुन्या लॅपटॉपला हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी बसवणं हे मुख्य काम. २०१६ ला जिओ आलं आणि मुलं फाइल खिशात आणायचीच बंद झाली. गुगल ड्राइव्हवरचे फुकटचे १५ जीबी फोटोंनी भरलेले असतात, कॉलेजच्या मेलवर ठेवावं तर पास झाल्यावर तो मेल बंद होतो आणि चार वर्षांचं काम त्यातच अडकतं. वर्षाला असे तीन-चार जण तरी येतात.

मग फाइल कुठे ठेवतात? आमच्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘हाय काका’, की लगेच पीडीएफ. रिपोर्ट, मार्कशीट, आधार कार्ड, भाडेकरार, एकाची तर साखरपुड्याची पत्रिका. दुकानाचा फोन दर महिन्याला भरतो. लोकांची आधार कार्डं आपल्याकडे पडून राहणं बरं नाही, म्हणून दर रविवारी शटर ओढल्यावर सगळं पुसतो आणि तशी पाटी लावली आहे : ‘पाठवलेल्या फाइल आठवड्याने पुसल्या जातील. स्वतःकडे प्रत ठेवावी.’ जुन्या पुठ्ठ्याच्याच मागच्या बाजूवर लिहिली आहे.

गेल्या सोमवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. ‘काका, मागच्या मंगळवारी पाठवलेला सेमिनार आहे का हो? माझा मोबाइल फॉरमॅट झाला.’