आजींचा बघता डोळा

गेल्या मे महिन्यात वाईजवळच्या एका गावात पोर्ट्रेट काढायला गेलो होतो. आजी नव्वदीच्या पुढच्या, पण वाकळ अजून स्वतः शिवायच्या. नातवाला त्यांचा मोठा फोटो सोप्यातल्या भिंतीवर लावायचा होता. घर जुनं, मधे चौक. सकाळी नऊचा उजेड चौकातून सोप्यात मऊ होऊन येत होता. असा उजेड दिसला की मी फ्लॅश बॅगेतून काढतसुद्धा नाही.

आजींचं लुगडं पांढरंशुभ्र आणि चेहरा उन्हानं रापलेला. इथं कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर हमखास फसतो. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरूनच तो मोजतो, त्यामुळे फ्रेममध्ये पांढरं जास्त आलं की उजेड फार झाला असं समजून फोटो काळवंडवतो. पहिल्या फोटोत लुगडं मळकट आणि चेहरा काजळीसारखा आला. स्पॉट मीटरिंगनं, म्हणजे एका ठिपक्यापुरता, गालावरचा उजेड मोजून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड वाढवला, तर चौकाकडचा पदर पांढराफटक होऊन उडाला. मग आजींचा पाट हातभर आत सरकवला आणि नातसुनेला अंधाऱ्या बाजूनं धुतलेलं धोतर पसरून धरायला सांगितलं. त्याच्यावरून परतलेला उजेड सुरकुत्यांत शिरला. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, १.४ (आकडा लहान तितकं भोक मोठं), शटर १/५०० सेकंद, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, २००. पदराची वीण आणि गालाची कातडी दोन्ही दिसायला लागली.

८५ मिलिमीटरची लेन्स होती आणि अंतर सव्वा मीटर. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १.४ला एवढ्या जवळून जेमतेम दोन सेंटिमीटर जागा फोकसमध्ये राहते. चेहरा थोडा वळलेला असला की एक डोळा शार्प, दुसरा विरघळलेला. अशा वेळी जवळचा डोळा धरायचा हे मी चौदा वर्षं करत आलोय, कॅमेराही तोच डोळा धरतो. फोटो बघून मी खूश होतो. नातवाला स्क्रीन दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "भाऊ, हा डोळा काचबिंदूनं गेलाय आजीचा. ती बघते त्या दुसऱ्यानं."

वरून डोळा अगदी धडधाकट दिसत होता. पण ज्या डोळ्यानं ही बाई जग बघते तोच मी धुकट करून ठेवला होता. सुरुवातीला एवढं साधं विचारायचं मला सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

आजींना विचारलं, "सुई कशी ओवता?"

"ह्या डोळ्याम्होरं धरती बाळा. तिकडं अंधारच हाय."

त्यांना ओवूनच दाखवायला सांगितलं. पाट फिरवून बघता डोळा कॅमेऱ्याकडं घेतला. धोतरही त्या बाजूला आलं. सुई त्या डोळ्यापासून चार बोटांवर, जराशी बाजूला. मी डावीकडं सरकलो, तेव्हा सुईचं नेढं आणि डोळा लेन्सपासून जवळपास सारख्या अंतरावर आले. अ‍ॅपर्चर ५.६ केलं. आता फोकसमध्ये सातेक सेंटिमीटर जागा हाताशी होती आणि मागचे खांब तरीही पुसटच राहत होते. १.४पासून ५.६पर्यंत चार स्टॉप, म्हणजे उजेड सोळा पटींनी कमी. बोटं थरथरत होती, म्हणून शटर १/२५०च्या खाली न्यायचं नव्हतं. एक स्टॉप तिथून घेतला, उरलेले तीन आयएसओ १६०० करून. आयएसओ वाढल्यानं फोटोत थोडे दाणे आले. येऊ देत, ते छपाईत खपतात, हललेली सुई खपत नाही.

आजींनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पीळ दिला, श्वास रोखला. दोनदा दोरा नेढ्याच्या बाहेरून गेला. तिसऱ्यांदा आत गेला आणि मी बटण दाबलं.

स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी ओढून बघत्या डोळ्याजवळ नेला. नाकाला लागेल इतका जवळ.

"दोरा दिसतोय की रं," म्हणाल्या, आणि उरलेली वाकळ मांडीवर ओढून शिवायला बसल्या.