संडासाचा पंप आणि आमचे मामा

मी एका विज्ञान केंद्रात डेमॉन्स्ट्रेटर आहे. ‘अंतराळवीर वर कसे राहतात’ हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम माझ्याकडे असतो. डिसेंबर-जानेवारीत सहलींचा नुसता पूर, एक बॅच बाहेर पडायच्या आत दुसरी दारात, पोरांना डबा उघडायची घाई आणि सरांना पुढचं ठिकाण गाठायची. लोकांना वाटतं मुलं रॉकेटबद्दल विचारत असतील. रॉकेटबद्दल कोणीच विचारत नाही. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला गाजराचा हलवा आणि आमरस घेऊन स्पेस स्टेशनवर गेले हे मी सांगते, आणि आमरस पोटात गेला म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच. एक हात अर्धवट वर येतो, शेजारीण कोपराने ढोसते आणि हळूच आवाज येतो, “मॅडम, ते वरती शी-शूला कुठे जातात?”

त्या दिवशी असाच प्रश्न आला आणि सरांनी डोळे वटारले, “चांगले प्रश्न विचारा!” या वाक्याचा मला मनापासून राग आहे. यापेक्षा चांगला प्रश्न कुठला हो? १९६१ मध्ये अमेरिकेचा पहिला अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड याचं उड्डाण जेमतेम १५ मिनिटांचं म्हणून कोणी सोयच केली नव्हती, पण यान सुटायलाच तासन्‌तास उशीर झाला आणि बिचाऱ्याला सूटमध्येच उरकावं लागलं. म्हणजे मोठमोठ्या इंजिनियरांच्या डोक्यात जो प्रश्न वेळेवर आला नाही तो पाचवीतल्या पोरीच्या डोक्यात आला, आणि तिला गप्प बसवायचं?

मी सरळ माझं मॉडेल पुढे ओढलं. ते मी स्वतः जमवलंय, पाणीही ओढणारा जुना व्हॅक्यूम क्लीनर, पारदर्शक पाइप, तोंडाशी पिवळं फनेल, मध्ये एक काचेची बाटली. वर काहीच खाली पडत नाही त्यामुळे पाण्याने फ्लश करून चालत नाही, सगळं हवेने ओढून घ्यावं लागतं. स्विच दाबला, रंगीत पाणी सर्रकन पाइपातून बाटलीत गेलं, पोरं बेंचवर उभी! घट्ट माल पिशवीतून डब्यात भरतात आणि मग तो कचऱ्याच्या यानातून वातावरणात जाळून टाकतात, हे ऐकून तर एकाने “म्हणजे तुटता तारा?” असं विचारलं आणि हॉल डोक्यावर घेतला.

मागे आमचे प्लंबर मामा उभे होते, बेसिनचा नळ बघायला आलेले, हातात पान्हा आणि टेफलॉन टेप. ते म्हणाले, “मॅडम, इथं बाटलीत पाणी खाली बसतंय आन् हवा वर जातीय. तिथं खालीच नाही, मग पाणी आन् हवा वेगळी कशी करता?”

इतक्या बॅचेस झाल्या, एवढे सायन्सचे शिक्षक येऊन गेले, हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, तिथे मोटरने गरागरा फिरवतात, पाणी कडेला फेकलं जातं आणि हवा गाळून परत खोलीत सोडतात. मामांनी मान हलवली. “फिरणारा पार्ट म्हंजे पहिला तोच जाणार.”

अगदी तोच गेला होता! मे २००८ मध्ये स्टेशनवरच्या रशियन संडासाचा हा हवा-पाणी वेगळं करणारा पंपच बिघडला. तेव्हा वर तिघंच राहायचे. त्यांनी हाताशी होते ते पार्ट बदलून पाहिले, पण काम भागेना, मग लघवीसाठी हाताने जादा पाणी सोडत बसायचं. शेवटी मॉस्कोहून नवा पंप विमानाने फ्लोरिडाला आणून, ऐन वेळी जागा करून, डिस्कव्हरी यानात चढवला. ते यान जपानची मोठी प्रयोगशाळा घेऊन निघालं होतं, पण वरचे लोक कशाची वाट बघत असतील ते मामांना विचारा. त्या तिघांतल्या ओलेग कोनोनेन्को या रशियन अंतराळवीराने तो पंप बसवला आणि संडास सुरू झाला.

“बसवल्यावर गळती तपासली असंल ना?” मामांनी विचारलं. मग त्यांनी पोरांना वॉशर, सील, चोकअप असं सगळं माझ्या मॉडेलवर दाखवलं, पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली, ती प्रश्नवाली पोरगी तर पान्हा हातात घेऊनच बसली. सर दारात घड्याळ बघत उभे.

अंतराळवीराचा कितीतरी वेळ तिथे दुरुस्ती, साफसफाई, फिल्टर बदलणं आणि रोजचे दोनेक तास व्यायाम यातच जातो, आणि आम्ही पोस्टरवर झेंडा आणि हेल्मेट लावतो. पुढच्या सीझनला हा भाग मामांनी घ्यावा, त्याचे त्यांना वेगळे पैसे मिळावेत असं मी लिहून दिलंय. वरून उत्तर आलं, प्लंबरला स्टेजवर उभं करायची तरतूद नाही. मी परत लिहिलंय.