डोंगलपायी अडलेलं घोडं

सकाळी ऑडिओबुकांचं वाचन आणि दुपारी लग्नपत्रिका, अशी माझी दोन कामं. दोन्ही एकाच जुन्या विंडोज पीसीवर. पण त्याचा पंखा इतका घरघरायला लागला की माइकमध्ये पिठाची गिरणी ऐकू यायची. बफर (कॉम्प्युटर आवाज एका वेळी जेवढ्या तुकड्यानं हाताळतो तो) 128 सॅम्पलवर आणला की आवाजात कटकट, 512 ठेवला की 48000 हर्ट्‌झला जवळपास 11 मिलिसेकंदांचा उशीर, आणि हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून!

म्हणून ॲपलचा छोटा कॉम्प्युटर, एम4 चिपचा मॅक मिनी घेतला, 16 जीबीचा. (रॅम नंतर वाढवता येत नाही, घेतानाच काय तो विचार करा.) इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची डबी) जोडला, रेकॉर्डिंग सुरू. ड्रायव्हरसुद्धा (उपकरण चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम) शोधावा लागला नाही.

घोडं अडलं ते पत्रिकांपाशी. पत्रिका ज्यात करते ते डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरेलड्रॉ मॅकवर मिळतं, म्हणून मी निर्धास्त होते. पण माझ्या बारा वर्षांच्या फायली युनिकोडच्या (आता सगळीकडे एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फॉन्टमधल्या. त्यांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसता कचरा. फॉन्ट उचलून मॅकवर टाकले, मजकूर दिसला. पण नवीन टाइप करायला ते फॉन्ट ज्या मराठी टायपिंग पॅकेजमधले, त्याचा कीबोर्ड लागतो, आणि ते पॅकेज डोंगलशिवाय, म्हणजे यूएसबीत खोचायच्या किल्लीशिवाय, उघडतच नाही.

दुकानदार म्हणाला होता, “मॅडम, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या आतच चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, विंडोज टाका, झालं!” या मिनीला जुना यूएसबी पोर्टच नाही, म्हणून डोंगलसाठी आधी अडॅप्टर आणला. मग कळलं की एम चिपवर चालतं ते आर्मचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं विंडोज. त्यावर जुने प्रोग्राम बहुतेक चालतात, ड्रायव्हर मात्र आर्मसाठीच बनवलेला हवा. डोंगलचा ड्रायव्हर कुठल्या जमान्यातला!

पॅकेजवाल्यांना फोन केला. “इंजिनियर साइटवर गेलेत, उद्या करा.” दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी डोंगलवरचा नंबर विचारला, सहाव्या दिवशी पुन्हा तोच नंबर विचारला. अकराव्या दिवशी एका मुलानं शांतपणे सांगितलं, “मॅडम, मॅकला सपोर्ट नाही.” अहो, हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? तोवर ऐन सीझनमधल्या तीन पत्रिका मी बाहेरून करून घेतल्या होत्या.

मधल्या काळात फुकटातला कन्व्हर्टरही वापरून पाहिला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. परिणाम असा की ‘निमंत्रण’चं ‘िनमंत्रण’ आणि सूर्यवंशींचे ‘सूयर्वंशी’. वराकडचे आडनाव असं छापून गेलं असतं तर मांडवातच भांडण.

शेवटी जुना पीसी पलीकडच्या खोलीत हलवला. डोंगल त्यालाच. जुन्या गिऱ्हाइकाची फाइल आली की तिथे बसते, बदल करते, मजकूर कर्व्ह करते (अक्षरांचे आकार करते, म्हणजे फॉन्ट लागत नाही) आणि मग मॅकवर घेते. आमचे प्रेसवाले काका वर्षानुवर्षं ओरडत होते, “कर्व्ह करून पाठव गं,” त्यांचं आत्ता पटलं. नवीन पत्रिका थेट युनिकोडमध्ये, मुक्ता किंवा बालू फॉन्ट घेऊन करते.

हो, आणि मशीन घ्यायच्या आधी आपलं डोंगल, प्रिंटर, इंटरफेस पिशवीत घालून दुकानात न्या आणि तिथेच लावून बघा. मी अडॅप्टरचे पैसे घातले ते घातलेच. तो आता पेनड्राइव्हला कामी येतो.