मोडीच्या भावाने: पुण्याच्या जुन्या घाऊक बाजाराची पायपीट

पुण्याचा जुना बाजार बघायला निघालेली मंडळी मंडईपासून सुरू करतात आणि तुळशीबागेत दमतात. ती गिऱ्हाइकाची वाट. आम्ही मालाच्या वाटेने गेलो: स्टेशन, नाना आणि भवानी पेठ, नागझरीचा ओढा ओलांडून रविवार पेठ, तिथून कसब्यातली तांबट आळी आणि शेवटी मंडई. सगळे मिळून पाच-सहा किलोमीटर होतात. रविवार पेठेत अकराच्या आत पोहोचून उपयोग नाही, दुकाने अर्धवट उघडलेली असतात.

स्टेशनची आजची इमारत १९२५ सालची आहे, पण गाडी त्याच्या कितीतरी आधी आली. खंडाळा-पुणे रूळ १४ जून १८५८ रोजी सुरू झाले आणि बोरघाटातला टप्पा १८६३ साली. मधली पाच वर्षे मोठी गमतीची. मुंबईची गाडी घाटाखाली खोपोलीपर्यंत यायची, माल तिथे उतरवून बैलांवर नाहीतर गाड्यांवर घालून घाट चढवायचा आणि खंडाळ्याला पुन्हा डब्यात भरायचा. काचसामानाच्या व्यापाऱ्याला हे दोन जादा चढउतार किती महागात पडत असतील ते सांगायला नको. त्याही आधी, १८३० साली घाटातून गाडीरस्ता होईपर्यंत, बहुतेक माल वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरूनच वर यायचा. बैलाच्या दोन्ही अंगांना सारखे वजन लागते, नाहीतर गोणी एका बाजूला घसरते आणि जनावराची पाठ सोलवटते. म्हणून या वाटेला मीठ, मसाले, सुपारी, कापडाचे गठ्ठे असा दोन सारख्या भागांत वाटता येणारा माल सोयीचा. घडवलेला हंडा बैलावर घालणे म्हणजे पोकळी वाहून नेणे. त्यापेक्षा धातू आणायचा आणि भांडे गावातच घडवायचे, हे गणित तिथूनच आलेले आहे.

स्टेशनवरून रास्ता पेठ ओलांडली की नाना पेठ लागते, नाना फडणविसांनी वसवलेली. आता तिथे गाड्यांचे सुटे भाग मिळतात. तिच्या दक्षिणेची भवानी पेठ एके काळी बोरवन होती, म्हणजे बोरींचे रान. नागझरीच्या पूर्वेला मोकळी जागा होती आणि गाड्या सोडायला, बैल बांधायला, कोठारे घालायला ती लागायची. पश्चिमेच्या दाट वस्तीत बैलगाडी वळवायचीच पंचाईत. घाऊक बाजार इथे जमला आणि किरकोळ आत गेला त्याचे एक साधे कारण हेच. धान्य-गुळाचा तो पसारा पुढे गुलटेकडीला हलला, तरी लाकडाच्या वखारी आणि जुन्या गाळ्यांची रुंद दारे अजून दिसतात. दाराच्या रुंदीकडे नीट बघा: पाठीवर पोते घेतलेला हमाल न वळता आत शिरेल एवढी ती असतात.

इथला कारभार अडत्याचा. माल शेतकऱ्याचा किंवा मुंबईच्या पेढीचा, जागा आणि जोखीम अडत्याची. विकलेल्या रकमेतून अडत, तोलाई, हमाली आणि धर्मादाय कापून बाकीची पट्टी मालधन्याच्या हातात पडायची. भाव उघड बोलायचा नाही. उपरण्याखाली हातात हात घालून बोटे दाबायची. धरली तेवढी बोटे, आणि ती रुपयाची की आण्याची हे तोंडाने आधीच ठरलेले. शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याला भाव कळू नये, इतकाच त्यातला अर्थ. मुंबईचे देणे रोकड पाठवून भागवण्यापेक्षा हुंडीने, म्हणजे पेढीवर लिहिलेल्या पैसे देण्याच्या चिठ्ठीने, भागवणे बरे. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटायची, मुदतीची तिच्या मितीला. हुंडणावळ, म्हणजे हुंडीवरचा आकार, मोसमाप्रमाणे चढायची-उतरायची, आणि हुशार व्यापारी मालाच्या भावाइतकाच हुंडणावळीवर डोळा ठेवून असायचा.

धान्य मापाने आणि धातू वजनाने, हा भेद डोक्यात पक्का असला तरच जुन्या बाजाराचे हिशेब उलगडतात. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. इथवर बहुतेक ठिकाणी एकमत असते. मण मात्र कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळांचा. त्यात शीग, म्हणजे मापाच्या काठावर चढणारी रास. माप शिगेचे की सपाट, यावर खरी भांडणे. तोंड रुंद असलेल्या मापावर शीग मोठी बसते, म्हणजे आतला ऐवज तेवढाच राहूनही दर मापाला मूठभर धान्य जादा जाते. घेताना रुंद तोंडाचे माप आणि विकताना अरुंद तोंडाचे ही युक्ती कोणत्याही तपासनिसाच्या काट्याला सापडणारी नव्हती.

वजनाचा शेर वेगळा. १८३५ साली कंपनी सरकारने एकच रुपया चालू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजचे ११.६६ ग्रॅम. ८० तोळ्यांचा पक्का शेर धरला तर ८० रुपये पारड्यात टाकले की एक शेर झाला, साधारण ९३३ ग्रॅम. असे ४० शेर म्हणजे मण, ३७.३२ किलो. गावोगावचे कच्चे शेर निराळेच होते, पण वजनाची शंका आली तर घरातल्या नाण्यांनी ताळा करता यायचा, ही सोय मला फार आवडते. तागडीची परीक्षाही सोपी: पारडी अदलाबदल करून पुन्हा तोला. दोन्ही वेळा वजन जुळले नाही तर दांडीतच खोट आहे. पासंग म्हणून, म्हणजे पारडी समतोल करायला, बांधलेला दोरा किंवा खडा दिसला तर तो सोडून नव्हे, रिकाम्या पारड्यांनी तपासायचा. पासंग असणे लबाडी नाही, तो चुकीच्या बाजूला असणे लबाडी.

दारूवाला पुलावरून नागझरी ओलांडली. जुने पुणे इथून पुढे. रविवार पेठ, पूर्वीचे नाव मलकापूर. मोती चौकाकडे सराफ, कापडगंजात कापड, आणि बोहरी आळीत लोखंडी सामान, काच, पत्रा, कागद. आज बोहरी आळीत प्लास्टिकचे डबे छतापर्यंत रचलेले असतात आणि डझनाच्या खाली बोलणे नको असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरगुती मालात जो बदल झाला तो अशाच दुकानांतून घरोघर गेला. परदेशी आगकाड्या आल्या, दिव्यांच्या काचेच्या चिमण्या आल्या, आणि आधी अमेरिकेचे, मग रशियाचे रॉकेल आले.

रॉकेलबद्दल थोडे सविस्तर. ते चौकोनी पत्र्याच्या डब्यातून यायचे, एकात सुमारे चार गॅलन म्हणजे अठरा लिटर, आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. तेल संपले तरी पत्रा उरायचा. वरचा भाग कापून लाकडी दांडी ठोकली की पाण्याचा डबा, कडा वळवून झाकण बसवले की धान्याचा, कापून डाख दिला, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधा जोडला, की नरसाळे, खिळ्याने भोके पाडली की चाळण. खोक्याची फळकुटे होत ती वेगळीच. धुवायची रीत ठरलेली: आधी कोरडी राख घासून तेल शोषून घ्यायचे, मग सोड्याचे कढत पाणी. आधीच पाणी ओतले तर तेल सांध्यात शिरते आणि डब्यातल्या तांदळाला महिनोन्महिने वास येत राहतो. पत्र्यावरचा कथलाचा थर खरवडला गेला की पहिल्या पावसाळ्यात सांध्याजवळ गंज धरलाच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा डबा नगावर विकायचा. त्याला मोड नव्हती.

मोड म्हणजे काय, ते कळायला कसबा पेठेत जावे लागते. तांबट आळी डोळ्यांआधी कानांना सापडते. त्वष्टा कासार समाजाची ही वस्ती, आत कालिकेचे देऊळ. पेशवाईत कोकणातून आलेली ही घराणी. तांब्याचे पत्रे परदेशातून मुंबईला उतरायचे, घाऊक व्यापारी ते वजनावर घेऊन कारागिराला द्यायचा आणि भांडीही वजनावरच परत घ्यायचा. कारागिराची घडणावळ शेरामागे ठरलेली. त्यामुळे दिलेला पत्रा आणि आलेली भांडी यांतला फरक, म्हणजे घट, हा वादाचा कायमचा विषय. कातरणीचे तुकडे जमेस धरायचेच, पण तापवताना पत्र्यावरून काळे पापुद्रे झडतात ते कोणाच्या खाती?

घडण अशी. पत्र्याची गोल चकती कापतात. लालसर होईपर्यंत तापवतात आणि पाण्यात बुडवतात. लोखंडाची सवय असलेल्या माणसाला इथे चकवा बसतो: पोलाद असे बुडवले तर कडक होते, तांबे मात्र मऊच राहते. मग मोगरीने ठोकत खोलगा आणायचा. ठोकता ठोकता तांबे पुन्हा ताठते, आवाज बद्दचा खणखणीत होतो. ही खूण ओळखून पुन्हा तापवायचे. घाई करून तसेच ठोकत राहिले तर काठाला चीर जाते, आणि ती आत पळत जाते. मोठा हंडा एका पत्र्यात निघत नाही. खालचा आणि वरचा भाग वेगळा करून जोडतात. जोडाच्या एका कडेला दाते कापायचे, एक दाता आत एक बाहेर असे दुसऱ्या कडेवर बसवायचे, टाकणखार लावून पितळी डाख वितळवायचा. मग सांधा ठोकून सपाट. जुन्या हंड्याच्या पोटाभोवती करवतीसारखी पिवळी नक्षी दिसते ती नक्षी नव्हे, हेच दाते.

शेवटी मठार. चिंच-मिठाने लख्ख केलेले भांडे लोखंडी टेकूवर धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने एकमेकांना चिकटून ओळीने ठोके द्यायचे. आज ते चकाकीसाठी बघतात. खरा उपयोग असा की त्याने पातळ पत्रा ताठ होतो आणि रोजच्या आदळआपटीत पोचत नाही. म्हणून मठारल्यावर भांडे पुन्हा तापवत नाहीत, कमावलेला ताठपणा जातो. ओळ चुकली तर ती झाकता येत नाही. यंत्रावर उमटवलेले मठार ओळखायचे तर आतून हात फिरवा आणि ठिपके मोजा: यंत्राचे सगळे एका मापाचे असतात.

आता मोड, म्हणजे जुने भांडे धातूच्या वजनावर परत विकणे. समजा ५ शेरांची घागर घेतली. किंमत दोन भागांत: तांब्याचा भाव गुणिले पाच, अधिक घडणावळ. वीस वर्षांनी तीच घागर परत नेली तर घडणावळ बुडाली, पण तांबे वजनावर परत. झीज, समजा, दहा तोळे. तेवढी ४०० तोळ्यांतून वजा, लोखंडी कडी असेल तर तिचे वजन वजा, डाखाची थोडी कसर. बाकीच्याचा मोडीचा भाव, नव्या भावाहून जरा उतरता. पोचे पडले, बूड फुटले, तरी रुपया जागेवर. लग्नात मुलीला दिलेल्या भांड्यांवर नाव घालायचे ते हौसेने, आणि चोरीची मोड ओळखू यावी म्हणूनही. काशाला मात्र मोडीत वेगळी वागणूक. तांबे आणि कथील यांचा तो मिश्रधातू थंड ठोकला की काचेसारखा तडकतो, लाल तापलेला असतानाच घडवावा लागतो. म्हणून कासार वाटी बोटाच्या नखाने वाजवून घ्यायचा. बारीक चीर असली की आवाज घुमत नाही.

तांब्या-पितळेची खरी खर्चाची बाजू कल्हई. भांडे घासून तापवायचे, नवसागर टाकला की पांढरा धूर, कथलाची कांडी टेकवायची, कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचे आणि पाण्यात बुडवायचे. तूपकट राहिले तर काळे डाग, कमी तापले तर कथलाच्या गुठळ्या, जास्त तापले तर पिवळट राख. कथलात शिसे मिसळणे ही जुनी लबाडी. पांढऱ्या कागदावर कांडी ओढून बघावी, शिशाची करडी रेघ उमटते. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून कल्हईच्या पातेल्यात कोरडी फोडणी करायची नाही. फोडणीची पळी लोखंडी असते ती यासाठी.

धातूवरून मुशींचा, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यांचा, धंदा आठवला. जोतीराव फुल्यांनी १८६३च्या सुमारास धातू ओतण्याच्या मुशी आणि साहित्य विकण्याचे दुकान काढले होते. समाजसुधारक फुले सगळ्यांना माहीत, घाऊक पुरवठादार फुले फारसे कोणाला नाहीत. १८७६ पासून ते नगरपालिकेवर सरकारनियुक्त सभासद होते आणि नव्या मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायला त्यांचा विरोध होता. इमारत झालीच. शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानातला भाजीबाजार १८८६ साली आठ पाखांच्या दगडी इमारतीत आला, तेव्हाच्या गव्हर्नरांवरून तिचे नाव रे मार्केट. आज तिच्यावर फुल्यांचेच नाव आहे.

मंडईतून दोन मिनिटांवर तुळशीबाग. रामाच्या देवळाभोवती ताम्हणे, पळ्या, समया आणि भातुकलीची पितळी भांडी नगावर मिळतात. मठारलेला तांब्या घ्यायचा असेल तर नगावर घेऊ नका. रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात जा, काट्यावर ठेवायला सांगा आणि घडणावळ वेगळी विचारा. घरी माळ्यावर फुटकी कळशी असेल तर तीही पिशवीतून न्या. आधी मोडीचा भाव विचारायचा, नव्याचा नंतर.