थीम काही झाली नाही
आजची सुट्टी स्वतःच्या वेबसाइटची थीम करण्यात गेली. सकाळी फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं आणि बटणाचे कोपरे किती गोल ठेवायचे यातच तीन तास उडाले. (कोड लिहिणाऱ्याच्या हाती रंगपेटी देऊ नये!) इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लोगो मात्र एसव्हीजीत (कितीही मोठं केलं तरी धूसर न होणाऱ्या चित्राच्या फाइलीत) छान उतरला. शेवटी वैतागून कागदावर पेन्सिलीनं चार चौकोन काढले आणि थेट सीएसएस ग्रिड, म्हणजे पानाची मांडणी ओळी-रकान्यांत बसवणारा कोड, लिहायला घेतलं. ब्राउझरची खिडकी अरुंद केली की मांडणी कुठे फाटते ते लगेच दिसतं. चित्रात ते कळतच नाही. माझी लाडकी फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर ४.५:१ कॉन्ट्रास्टच्या (अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान किती फरक हवा त्या) कसोटीत सपशेल नापास. गडद केली, नाइलाजानं. डार्क मोड उद्या. किंवा परवा.