सोनेतारण

पहाटे साडेतीनला भोंगा लागला. काकडा पाचचा होता, दीड तास आधी कॅसेट लावायची हौस कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. शाळेच्या पडवीत आम्ही सत्तर-ऐंशी जण ओळीनं आडवे, थंडी अंगात शिरलेली. मनात आलं, भुसावळ स्टेशन इथून पायी अर्धा तास, पहिली गाडी पकडली तर सातला घरी चहा. मग वीणेकऱ्यानं उठून वीणा गळ्यात घातली. शेजारचे जिभाऊ गोधडीतूनच म्हणाले, "उठ रे भो." उठलो.

मी ख्रिस्ती. चर्चमध्ये दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीचं पूर्ण सभासद होण्याआधीचा वर्ग घेतो. माघ वद्य एकादशीला मुक्ताईकडे निघालेल्या दिंडीत माझं काय काम, हे चर्चमध्येही विचारून झालं आणि दिंडीतही. जिभाऊ आमच्या गल्लीतले. "चाल" म्हणाले म्हणून निघालो. टाळ धरला, पण अभंग म्हटले नाहीत. जिथे ओठ हलवता येत नाहीत तिथे हलवायचे नाहीत, एवढं जळगाव सोडतानाच त्यांना सांगितलं होतं. "पाय ते हालाव," ते म्हणाले.

जळगाव, नशिराबाद, वाघूरचा पूल, साकेगाव, भुसावळ. पहिला दिवस एवढाच.

जिभाऊंना रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायची सवय. एसटी चालवण्यात उमर गेली, त्याची खोड. भुसावळच्या बाहेर पडेपर्यंत टायर, केळीचं खत आणि तीन ठिकाणी 'सोनेतारण कर्ज' वाचून झालं. तिसऱ्या पाटीला ते थांबले. "तुमना पुस्तकमा बी तारण-तारण ऱ्हास. ते हाईच का?"

वर्गात शब्दाचा अर्थ सांगताना मी नेहमी 'तारणे, बुडत्याला वर काढणे' इथून सुरुवात करतो. पतपेढीची पाटी कधी सुचली नव्हती. पण ती चांगली चालते, बऱ्याच लांबपर्यंत चालते. गहाण टाकलेली पाटली सावकाराची होत नाही. मालक तुम्हीच, फक्त ती तुमच्या हातात नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि तिसऱ्या अध्यायात तो पापात पडल्यानंतरही ते प्रतिरूप पुसलं जात नाही, गहाण पडतं. सोडवायचं कशानं? सगळे म्हणतात सत्कर्मानं. इथे अकराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या कँटरबरीच्या आर्चबिशप अन्सेल्मनं घातलेला हिशेब कुठल्याही शेतकऱ्याला कळेल. आज तू जे चांगलं करतोस ते आजचं देणंच आहे, देवाचं ते तुझ्याकडे येणंच होतं. चालू हप्ता भरून मागची थकबाकी फिटत नाही. म्हणून दुसऱ्या कुणीतरी भरायचं. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो की तो आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे.

"मंग सावकार कोन?" जिभाऊंनी विचारलं.

नेमका हाच प्रश्न जुन्या मंडळीत, म्हणजे सुरुवातीच्या चर्चमध्ये, पडला होता. तिसऱ्या शतकात ओरिगेन नावाच्या धर्मपंडितानं सांगितलं की खंडणी सैतानाला दिली. चौथ्या शतकात नाझियान्झचा ग्रेगरी त्यावर चिडला: चोराला किंमत कशाची द्यायची? मग पित्याला दिली म्हणावं, तर पित्यानं आपल्याला ओलीस कधी धरलं होतं? अन्सेल्मनं सैतानाला व्यवहारातून बाहेरच काढलं. देणं माणसाचं, फेडायची ताकद एकट्या देवाची. तेव्हा फेडणारा दोन्ही असला पाहिजे.

"म्हंजे सावकारच कर्जदारना घर जलमले उना," जिभाऊ म्हणाले.

मी वर्षानुवर्षं शिकवतोय, हे वाक्य मला सुचलं नाही. पण लगेच त्यांनी "म्हंजे अवतारच ना" केलं आणि मला पुन्हा थांबावं लागलं. अवतार काम झालं की जातो, पुढच्या युगात दुसरा येतो. ख्रिस्ताचं देहधारण एकदाच, आणि ते परत काढून ठेवलेलं नाही. तो उठला तो देहासकट, हाताच्या खुणांसकट, वर गेला तोही तसाच. सन 451 मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेत ठरलं ते हेच: पूर्ण देव, पूर्ण माणूस, दोन्ही स्वभावांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. मराठी बायबलात 'अवतार' न घालता 'शब्द देही झाला' असं ठेवलंय ते उगाच नाही.

पुढे चालणारा एक जण मागे वळून म्हणाला, "शेवटी काय हो, सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जातात." मी नुसतं हं म्हटलं. आम्ही ज्या हमरस्त्यानं चाललो होतो त्याच रस्त्यावरचे निम्मे ट्रक नागपूरला चालले होते.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या फार वेळ तशाच समोर उभ्या राहतात. चालून चालून त्या जवळ येत नाहीत आणि मग एकदम मागे पडतात. तिथे कुणीतरी बेलाची डहाळी तोडून आणली. एकादशी झाली की पुष्कळांना तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला महाशिवरात्र करायची असते. जिभाऊंनी एक पान माझ्यापुढे धरलं. त्यांचा जुना प्रश्न होता, "तुमना देव एक शे का तीन?" आता उत्तरही त्यांनीच आणलं होतं. तीन पानं, बेल एक.

आयर्लंडात तीन पानी गवत दाखवून हेच सांगायची जुनी रीत आहे, आणि तिथेही ते याच जागी फसतं. बेलाचं एक पान म्हणजे बेलाचा तिसरा हिस्सा. ते तुटलं की बेल खंडित, महादेवाला चालत नाही. पुत्र हा देवाचा तिसरा हिस्सा नव्हे. पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, पवित्र आत्मा पूर्ण देव, आणि तरी देव एकच. मग कुणीतरी पाणी, बर्फ आणि वाफ काढतंच. तेही चालत नाही. तेच पाणी एकाच वेळी तिन्ही नसतं, उलट येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याचा आवाज वरून येतोय, सगळं एकाच घटकेला. एकाच देवाचे तीन वेश, ही सबेल्लियसची शिकवण मंडळीनं तिसऱ्या शतकातच नाकारली. अलेक्झांड्रियाचा आरियस उलट्या टोकाला गेला. पुत्र सगळ्यांत श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला. तो नव्हता असाही काळ होता. त्यावर 325 मध्ये निकाया इथे परिषद बसली आणि मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' असल्याचं आलं. आत्म्याविषयीची वाक्यं 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वाढवली.

फळ्यावर मी त्रिकोण काढतो. तीन कोपऱ्यांत पिता, पुत्र, आत्मा, मधोमध देव. कोपऱ्याकडून मध्याकडे जाणाऱ्या रेघांवर 'आहे' लिहायचं, बाजूंच्या रेघांवर 'नाही'. पिता देव आहे, पिता पुत्र नाही. दर वर्षी दोघं-तिघं बाजूंवरही 'आहे' लिहितात.

"तुले समजस का पन?" जिभाऊ म्हणाले.

"शिकवतो."

टाच याच सुमाराला चुरचुरायला लागली. बूट सहा महिने वापरलेले होते, दोष त्यांचा नव्हता. मोजे नायलॉनचे, ते घाम पीत नाहीत. आणि डांबरी रस्ता मधे उंच, कडेला उतरता. दोन दिवस डाव्या कडेनं चाललो होतो, त्यामुळे डावं पाऊल सतत उताराकडे कलंडलेलं आणि टाचेची बाहेरची बाजू बुटाला घासत राहिलेली. चुरचुरलं त्याच क्षणी बसून मोजा बदलायचा असतो, चिकटपट्टी लावायची असते. हे मला माहीत होतं. दिंडी मागे टाकून जाईल म्हणून बसलो नाही. तासाभरात फोड आला, बंद्या रुपयाहून मोठा. मी चवड्यावर चालायला लागलो, मग पोटरी गेली, मग उजवा गुडघा. वरणगाव अजून पुढे होतं. फेब्रुवारीत रात्री गोधडी पुरत नाही आणि दुपारी दोनला डांबर बुटातून भाजतं. टाळांचा आवाज आधी लांब गेला, मग गेलाच. जिभाऊंना मीच पुढे पाठवलं होतं, आणि ते खरंच गेले याचा राग आला.

कडेच्या निंबाखाली एक म्हातारी जेवत होती. शेजारच्या हरभऱ्यात कामाला आलेली, पदरात सोललेले घाटे. दिंडीशी तिचा काही संबंध नव्हता.

"काय करी लिधं हाई पायले? बस आठे."

मी म्हटलं, बसलो की उठायचा नाही. "बस," ती परत म्हणाली, मग बसलो. तिनं मोजा ओढला तेव्हा मी ओरडलो. तिनं पाय आपल्या मांडीवर घेतला. मी मागे ओढला, तिनं परत घेतला. असं दोनदा झालं. बाटलीतलं पाणी टाचेवर ओतून तिनं ती पदरानं टिपली. थैलीतून गोधडीची सुई निघाली, दोन काड्या ओढून तिनं ती लाल केली आणि काजळी पुसून घेतली. वरून टोचलं नाही. फोडाच्या खालच्या कडेला, चांगल्या कातडीला लागून, आडवी सुई घालून दुसरीकडून काढली, मागे काळा दोरा. फडक्यानं दाबलं तसं पाणी दोन्ही भोकांतून आलं. वरची कातडी तिनं काढली नाही, मलाही हात लावू दिला नाही. ती कातडी हीच पट्टी असते. सोलली की खालचं लाल मांस बुटाला लागतं आणि मग दुसऱ्या दिवशी चालणं नाही. दोऱ्याची दोन टोकं तिनं बोटभर बाहेर ठेवली. दोरा ठेवू नये असं डॉक्टर सांगतात, त्यातून जंतू आत जातात. मी तिला तसं सांगितलं.

"आठे डॉक्टर शे का?"

वर एरंडेल चोपडलं, त्याच पदराची चिंधी फाडून बांधली. पदर फाडला तेव्हा मी खिशात हात घातला आणि पन्नासची नोट काढली.

"ठेव तुना खिशामा." आणि चेहरा असा केला की मी काहीतरी घाण काढून दाखवली. मग कळण्याची अर्धी भाकर आणि वर मिरचीचा ठेचा माझ्या हातावर ठेवला. भूक होती, खाल्ली. खातानाही मनात चालू होतं: चिंधी, तेल, अर्धी भाकर, आणि तिचा निम्मा जेवणाचा वेळ गेला. नाव विचारावं, प्रार्थनेत घेईन म्हणून सांगावं, म्हणजे आपल्याकडूनही काही गेलं. योहानाचा तेरावा अध्याय आठवायचा नाही असं मी ठरवलं होतं. येशू शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र पाय मागे घेतो, तो. आठवलाच.

'कृपा' हा शब्द आम्ही इतक्या भारदस्त आवाजात म्हणतो की त्याचा अर्थ 'फुकट' आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. बायबलात मात्र साधा शब्द आहे: तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या. फुकट घेणं मराठीत कमीपणाचं. फुकट्या ही शिवी आहे. वर्गातल्या पोरांना मी विचारतो, तारण कशानं? "कृपेनं," सगळे एका सुरात. पन्नासची नोट चुरगळून माझ्या हातातच होती. नाव विचारलं नाही. तीही घाईत होती, मुकादम हाका मारत होता.

वरणगावला पोचलो तेव्हा हरिपाठ चालू होता. जिभाऊंनी जागा धरून ठेवली होती, त्यामुळे राग धरून ठेवायला जागा उरली नाही. नंतर दोघा वारकऱ्यांची जुंपली, हरिपाठाचे अभंग सत्तावीस की अठ्ठावीस. मला बरं वाटलं. आमच्याकडे प्रोटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं, कॅथलिकांच्या 73. नव्या करारातली 27 दोघांनाही मान्य, भांडण सगळं जुन्या करारातल्या सात पुस्तकांचं, कारण ती ग्रीक संग्रहात होती आणि हिब्रू संग्रहात नव्हती. शास्त्र देवप्रेरित, हे दोघं म्हणतात. पण ते स्वर्गातून बांधून पडलं असं कुणीच म्हणत नाही. शेकडो वर्षांत, हिब्रू, अरामी आणि ग्रीक भाषांत, मेंढपाळांनी, राजांच्या कारकुनांनी, तुरुंगातल्या पौलानं ते लिहिलं. मराठीत नवा करार 1811 मध्ये श्रीरामपूरला छापला गेला. आपल्या नगरकडच्या नव्हे, बंगालमधल्या.

"मंग कर्म नको का काहीच?" पोटरीला तेल चोळत जिभाऊ सोनेतारणावर परत आले. एवढा वेळ त्यांनी ते सोडलेलं नव्हतं.

पौल इफिसकरांना लिहितो, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मानं नव्हे. याकोब लिहितो, कर्मावाचून विश्वास निर्जीव आहे. दोघंही दाखला अब्राहामाचाच देतात. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरला याकोबाचं पत्र पेंढ्याचं, बिनकसाचं वाटलं होतं. कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी 'नीतिमान ठरणे' या मुद्द्यावर 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला एकत्र सह्या केल्या. कृपेनंच स्वीकार होतो आणि ती कृपा सत्कर्माला बळ देते, असा मजकूर. एवढ्यासाठी पावणेपाचशे वर्षं लागली. गोंधळ 'विश्वास' या शब्दाचा आहे. याकोब म्हणतो, देव आहे असं भुतंही मानतात आणि कापतात. जिभाऊंना मी एसटीत सांगितलं. ही गाडी रावेरला जाते हे कळणं एक, पाटी खरी आहे हे मानणं दोन, आणि आत चढून बसणं तीन. विश्वास तिसऱ्याला म्हणायचा. चढल्याचं भाडं होत नाही, पण चढल्याशिवाय रावेर येत नाही.

"बिगर तिकिटना," ते म्हणाले, आणि झोपले.

शुक्रवारी एकादशी. कोथळीला प्रचंड गर्दी होती. समाधीपुढे जिभाऊ गेले, मी मंडपात चपला सांभाळल्या. साबुदाण्याची खिचडी घेतली. मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं की नाही, यावर करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय पुरेसा आहे. मुक्ताईच्या नावातल्या मुक्तीबद्दल आणि आमच्या तारणाबद्दल बोलायचं डोक्यात होतं. बाहेर आले तेव्हा जिभाऊंचे डोळे ओले होते, म्हणून बोललो नाही. संध्याकाळच्या एसटीत उभ्यानं परत आलो.

त्या वर्षी, 2026 ला, महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला आणि राखेचा बुधवार, आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 18 ला, मधे दोनच दिवस. त्या बुधवारी कपाळाला राख लावतात. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, झावळ्या जाळून ती राख करतात. ती बारीक चाळावी लागते, नाहीतर कपाळाला टोचते, आणि नुसत्या पाण्यात कालवली तर कातडीला चरचरते. चाळण्याचं काम माझ्याकडे होतं. दोरा मी आदल्या रात्री ओढून काढला, कातडी चिकटली होती. रांगेत उभा राहिलो तरी डावा पाय अजून बुटात जात नव्हता. चप्पल घालूनच गेलो.